शेवंडीच्या रक्तपेशी मोजून ताण कसा ओळखायचा: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

मेलेली शेवंड (लॉबस्टर) कोणालाही ओळखता येते. आज टाकीत मिशा हलवत बसलेली, पण उद्या खोकं उघडल्यावर मेलेली निघणार आहे अशी शेवंड आजच ओळखणं हे खरं काम. जिवंत शेवंडीचा भाव आणि मेलेलीचा भाव यांत मोठी तफावत असते. त्यामुळे टाकीवाले, निर्यातीचे एजंट आणि त्यांच्याकडे प्रकल्प करायला येणारे मत्स्यशास्त्राचे विद्यार्थी, सगळे फिरून याच प्रश्नाशी येतात. वरून धडधाकट दिसणाऱ्या जनावराच्या आत काय चाललंय, हे कळायचा एक मार्ग म्हणजे रक्तातल्या पेशी मोजणं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या रॉक लॉबस्टरवर पर्थच्या कर्टिन विद्यापीठातल्या संशोधकांचं असं काम १९९७ साली प्रसिद्ध झालं. पकडल्यानंतरच्या ताणात एकूण रक्तपेशी किती आणि कोणत्या प्रकारच्या किती, याची ती मोजणी होती. त्यांची शेवंड आणि आपली शेवंड पॅन्युलिरस या एकाच प्रजातीतल्या (जीनसमधल्या), त्यामुळे पद्धत आपल्याकडेही चालते.

पद्धत सोपी आहे. सिरिंज, एक द्रावण, मोजणीची काच आणि सूक्ष्मदर्शक एवढ्यावर भागतं. पण सोपी असल्यामुळेच ती चुकीच्या तऱ्हेने केली जाते, आणि आकडा मात्र दरवेळी येतोच. चुकीच्या मोजणीलाही आकडा येतो, ही या कामातली मुख्य अडचण. म्हणून खाली कृतीइतकीच जागा सापळ्यांना दिली आहे.

१. आधी प्रश्न ठरवा, मग सिरिंज हातात घ्या

‘या शेवंडीला ताण आहे का?’ याचं उत्तर एका मोजणीतून मिळत नाही. माणसाच्या रक्ततपासणीच्या अहवालात शेजारी ‘सामान्य मर्यादा’ छापलेली असते. शेवंडीसाठी तसा तक्ता नाही. निरोगी शेवंडींतही एकीच्या रक्तात दुसरीच्या दुप्पट पेशी सापडतात, तेही एकाच टाकीत, एकाच दिवशी. म्हणून प्रश्न तुलनेचा हवा. दोन तास कोरड्या टोपलीत राहिलेल्या आणि ओल्या गोणपाटाखाली राहिलेल्या शेवंडींत फरक पडतो का? टाकीत सोडल्यावर किती वेळाने पेशींची संख्या स्थिरावते? असे प्रश्न सुटतात.

नमुने कुठे घ्यायचे त्याची साखळी कागदावर काढा: जाळ्यातून सोडवताना होडीवर, बंदराला लागल्यावर, टाकीत सोडण्याआधी, टाकीत २४ तासांनी, पॅकिंगच्या आधी, आणि जमल्यास खोकं उघडल्यावर. सगळे टप्पे जमणार नाहीत. दोनच जमत असतील तर टाकीत सोडण्याआधीचा आणि २४ तासांनंतरचा घ्या.

तुलनेसाठी एक निवांत गट लागतो. चांगल्या, हवा सोडलेल्या समुद्राच्या पाण्यात तीन-चार दिवस ठेवलेल्या, खाऊपिऊ घातलेल्या, न हाताळलेल्या शेवंडी. पूर्ण बिनताणाची शेवंड बंदिस्त पाण्यात मिळत नाही, हे मान्य करून चालायचं. एका गटात निदान दहा तरी जनावरं घ्या. त्याहून कमी घेतलीत तर जनावरा-जनावरांतला नैसर्गिक फरकच निष्कर्ष म्हणून छापला जाण्याचा धोका.

२. काय काय लागेल

कागद आधी. नमुने देणाऱ्या टाकीवाल्याची किंवा एजंटची लेखी संमती, आणि तुमच्या संस्थेत प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी समिती असेल तर तिची परवानगी. कवचधारी प्राण्यांबाबत संस्थेगणिक वेगळं धोरण असतं, काम संपल्यावर विचारण्यात अर्थ नाही. नोंदवहीत प्रत्येक शेवंडीसाठी एक ओळ आखा: सांकेतिक क्रमांक, जात, नर की मादी, पाठीच्या कवचाची लांबी, वजन, कातीची अवस्था, तुटलेले पाय वा मिशा, पाण्याबाहेर काढल्याची वेळ, रक्त घेतल्याची वेळ, पाण्याचं तापमान आणि क्षारता. हा रकाना नंतर भरू म्हटलं की तो कधीच भरला जात नाही.

सामान असं:

– १ मिलिलिटरच्या ट्युबरक्युलिन सिरिंज आणि २५ किंवा २६ गेजच्या सुया. प्रत्येक जनावराला नवी.
– १.५ मिलिलिटरच्या झाकणाच्या नळ्या, बर्फाचा डबा, मायक्रोपिपेट.
– न्यूबाउर चेंबर, म्हणजे चौकोन आखलेली मोजणीची काच, आणि त्याच्यासोबत येणारी जाड कव्हर काच.
– सूक्ष्मदर्शक, शक्यतो फेज कॉन्ट्रास्टचा, म्हणजे न रंगवलेल्या पेशीही उठून दाखवणारा. साध्यावरही एकूण मोजणी जमते.
– हातातला रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे थेंबात किती विरघळलंय ते प्रकाशाच्या वळण्यावरून दाखवणारं साधन. तो ऐच्छिक समजू नका, का ते आठव्या पायरीत येईल.
– ७० टक्के अल्कोहोल, टिपकागद, जाड रबरी हातमोजे, स्टॉपवॉच.

इन्सुलिनच्या सिरिंज औषधाच्या दुकानात सहज मिळतात म्हणून मोह होतो. त्यांच्या सुया फार बारीक असतात, पेशी त्यातून जाताना फुटतात आणि सुई गोठलेल्या रक्ताने बसते. शिवाय आपल्याकडच्या लाल टोपीच्या सिरिंजवर ४० एकक म्हणजे १ मिलिलिटर असतं आणि नारिंगी टोपीच्या सिरिंजवर १०० एकक म्हणजे १ मिलिलिटर. दोन्ही एकत्र वापरल्या गेल्या की सगळा हिशोब कोसळतो.

३. गोठणरोधक द्रावण

शेवंडीच्या रक्तपेशी काचेला किंवा जंतूच्या कवचाला लागल्या की भराभर फुटतात, आतले कण बाहेर टाकतात आणि रक्ताची जेलीसारखी गुठळी होते. जनावराच्या दृष्टीने ते उत्तमच, पाय तुटला तरी जखम काही क्षणांत बंद. तुमच्या दृष्टीने मात्र ज्या पेशी मोजायच्या त्याच संपल्या. म्हणून रक्त सिरिंजमध्ये येतानाच द्रावणात मिसळलं पाहिजे, नंतर नळीत मिसळून उपयोग नाही.

सागरी कवचधारींसाठी सर्रास वापरलं जाणारं सायट्रेट-ईडीटीए द्रावण एक लिटर करायचं तर:

– सोडियम क्लोराइड २६.३ ग्रॅम
– निर्जल ग्लुकोज १८ ग्रॅम
– ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट ८.८ ग्रॅम
– निर्जल सायट्रिक ॲसिड ५ ग्रॅम
– डायसोडियम ईडीटीए डायहायड्रेट ३.७ ग्रॅम

आधी ईडीटीए कोमट ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवा, मग बाकीचे, शेवटी सायट्रिक ॲसिड. पीएच ४.६ ला आणा. प्रमाण बरोबर असेल तर तो आपसूक तिथल्या आसपास येतो. फार लांब आला तर बाटल्यांवरची नावं पुन्हा वाचा, बहुतेक वेळा निर्जल आणि पाणीधारी प्रकारांची अदलाबदल झालेली असते. ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा आणि फ्रिजमध्ये ठेवा. ग्लुकोजमुळे यात बुरशी लवकर येते. तळाशी कापसासारखं काही तरंगताना दिसलं की बाटली ओतून टाका.

दुसरं द्रावण पेशी टिकवण्याचं. सोडियम क्लोराइड २.६३ ग्रॅम, बाजारात मिळणारं फॉर्मॅलिन १० मिलिलिटर, आणि पाणी घालून एकूण १०० मिलिलिटर. हे उघड्या हवेत किंवा धूर खेचणाऱ्या कपाटात करा, स्वयंपाकघरवजा खोलीत नको.

इथला सर्वांत महागात पडणारा सापळा म्हणजे ओळखीच्या पॅथॉलॉजी लॅबमधून आणलेल्या निळ्या किंवा जांभळ्या झाकणाच्या नळ्या. त्या माणसाच्या रक्तासाठी असतात. शेवंडीचं रक्त जवळपास समुद्राच्या पाण्याइतकं खारट असतं. माणसासाठीचं ०.९ टक्क्याचं सलाइन तिच्या पेशींना इतकं पातळ पडतं की त्या पाणी शोषून फुगतात आणि फुटतात. पांढऱ्या पेशी मोजायला लॅबमध्ये वापरतात ते ॲसेटिक ॲसिडचं द्रावणही इथे चालत नाही. आणि रुग्णालयातलं स्वयंचलित मोजणी यंत्र देईल तो आकडा सरळ विसरून जा.

४. शेवंड निवडणं

कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईला जास्त करून पॅन्युलिरस पॉलीफॅगस मिळते. शेपटीच्या प्रत्येक कड्यावर फिकट आडवी पट्टी ही तिची खूण. खडकाळ भागात पॅन्युलिरस होमॅरसही येते. एका प्रयोगात एकच जात ठेवा. आकारही शक्यतो सारखा. निर्यातीसाठी केंद्राच्या २००३ सालच्या अधिसूचनेने पॉलीफॅगसला ३०० ग्रॅम आणि होमॅरसला २०० ग्रॅम ही किमान वजनं घातली आहेत, त्यामुळे टाकीतला माल त्यावरचाच असायला हवा. तुमच्या अभ्यासालाही तोच गट सोयीचा. अंडी लागलेल्या माद्यांना हात लावू नका. त्यांची शरीरक्रियाच वेगळी चालू असते, आणि त्या समुद्रात परत जायला हव्यात हे वेगळं सांगायला नको.

सर्वांत महत्त्वाची चाळणी कातीची. कात टाकण्याच्या आगेमागे शेवंड पाणी शोषून घेते, रक्त पातळ होतं आणि पेशींची संख्या ताणाशी काहीही संबंध नसताना हलते. पाठीच्या कवचाची बाजू, कल्ल्यांवरचा भाग, अंगठ्याने हलकेच दाबून पाहा. दबत असेल तर ती बाजूला. पण कडक कवच म्हणजे दोन कातींमधली अवस्था, असंही नाही. कात येऊ घातलेल्या शेवंडीचं कवचही कडकच लागतं. खात्रीसाठी शेपटीखालच्या पाकळीचं टोक कात्रीने कापून समुद्राच्या पाण्याच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली धरा. कडेच्या केसांच्या बुडाशी त्वचा कवचाला चिकटून असेल तर घ्या. त्वचा मागे सरकून मध्ये मोकळी पट्टी दिसत असेल, किंवा आत नवे केस तयार होताना दिसत असतील, तर ती कातीच्या वाटेवर आहे, सोडून द्या. हे पाहणं पाच-सहा पाकळ्यांनंतर नजरेत बसतं.

पाय तुटलेल्या शेवंडींचं काय? जाळ्यातून ओढून सोडवताना पाय आणि मिशा तुटणं नेहमीचंच. त्या सरसकट वगळल्या तर तुमचा नमुना खऱ्या मालाचा राहत नाही, आणि मिसळल्या तर जखमेचा परिणाम आणि हवेत राहिल्याचा परिणाम यांची खिचडी होते. त्यांचा वेगळा गट करा. तोही एक चांगला प्रश्न आहे.

५. रक्त काढणं

इथे घाई आणि निवांतपणा दोन्ही हवं. पाण्यातून उचलल्यापासून सुई बाहेर येईपर्यंत एका मिनिटात आटोपलं पाहिजे. हाताळणी हाच एक ताण आहे. जितका वेळ तुम्ही सुई शोधाल तितका वेळ तुमच्याच गोंधळाचा परिणाम मोजाल. शेपटीचे फटके मारून शेवंड दमली तर रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे दमलेल्या स्नायूंतून येणारं द्रव्य, तेही चढतं.

दोन माणसं घ्या, एक धरणारा, एक टोचणारा. तिसरा वेळ लिहून घेणारा मिळाला तर चैनच. प्रत्येक सिरिंजमध्ये ०.२ मिलिलिटर थंड गोठणरोधक आधीच भरून, टोपी लावून बर्फात रांगेने ठेवा.

धरणाऱ्याने जाड हातमोजे घालून पाठीवरून पकडायचं, शेपूट दुसऱ्या हाताने पोटाशी दाबून. मिशा धरून उचलू नका, त्या बुडातून तुटून हातात येतात. मिशांच्या बुडाशी घासून ती कर्र कर्र आवाज काढेल. त्याने नवखा माणूस हमखास दचकतो आणि पकड सोडतो. तिला उताणी करा, पाचव्या म्हणजे सर्वांत मागच्या चालायच्या पायाचं बूड समोर येईल. टिपकागदाने ती जागा कोरडी करा, अल्कोहोलचा बोळा फिरवा, पुन्हा कोरडी करा. समुद्राचं पाणी सुईबरोबर आत आलं तर रक्त पातळ होतं, अल्कोहोल आत गेलं तर पेशी मरतात.

पायाच्या बुडाच्या दोन कड्यांमध्ये मऊ, अर्धपारदर्शक पडदा दिसतो. सुई तिथून तिरपी, काही मिलिमीटरच आत घाला आणि दट्ट्या अगदी हळू ओढा. जोरात ओढलात की पेशी फुटतात आणि हवेचे बुडबुडे येतात. रक्त आपोआप येऊ लागतं. ताजं असताना ते जवळजवळ बिनरंगी किंवा राखाडी असतं, हवा लागली की निळसर होतं, कारण त्यात लोहाऐवजी तांब्यावर चालणारं हिमोसायनिन असतं. सिरिंज ०.४ च्या खुणेला आली की थांबा. म्हणजे ०.२ द्रावण आणि ०.२ रक्त, दुप्पट पातळ.

नराच्या बाबतीत एक खबरदारी. त्याचं जननछिद्र याच पाचव्या पायाच्या बुडाशी असतं. मादीचं तिसऱ्या पायाशी असतं आणि तिच्या पाचव्या पायाच्या टोकाला इवलासा चिमटा असतो, त्यावरून नर-मादीही चटकन ओळखता येतात. नरात सुई त्या छिद्रापासून लांब, सांध्याच्या पडद्यातच ठेवा. दुधट, चिकट काही आलं तर ते रक्त नव्हे, सिरिंज टाकून द्या.

पाठीच्या बाजूने, कवच आणि शेपटी जुळतात तिथून हृदयाजवळचं रक्त घेण्याची पद्धतही आहे. रक्त भरपूर येतं. पण सुई हृदयात गेली की जनावर गेलं. नवख्या हाताने तिथे जाऊ नये.

रंगाची नोंद दरवेळी करा. नारिंगी झाक असेल तर मादी अंड्यांवर येत असेल किंवा कात जवळ असेल. पक्क्या दुधासारखं रक्त दिसलं आणि ते गोठतही नसलं, तर ते आजाराचं लक्षण धरून ती शेवंड वेगळ्या टाकीत हलवा. काही विषाणू आणि जिवाणूंच्या रोगांत शेवंडीचं रक्त असं दुधट होतं.

सिरिंजच्या टोकात आणि सुईच्या पोकळीत जे द्रावण उरतं ते खुणेत मोजलं जात नाही. ०.२ मिलिलिटरसारख्या छोट्या मापात त्याने चांगलाच फरक पडतो. उपाय साधा आहे: रिकामी सिरिंज, द्रावण घातलेली सिरिंज आणि रक्तासह सिरिंज अशी काही नमुन्यांची काट्यावर वजनं करून तुमच्या सिरिंजचं खरं पातळीकरण एकदा काढून घ्या आणि तोच गुणक सगळीकडे वापरा.

त्याच शेवंडीचं रक्त दोन तासांनी पुन्हा घ्यायचा मोह टाळा. पहिल्या टोचणीची जखम आणि गेलेलं रक्त दोन्ही पुढच्या आकड्यात उतरतात. वेळेनुसार बदल पाहायचा तर प्रत्येक वेळेला वेगळी जनावरं.

६. मोजणी

नळी हळुवार उलटीसुलटी करून त्यातलं १०० मायक्रोलिटर ४०० मायक्रोलिटर फॉर्मॅलिनच्या द्रावणात घाला. आता एकूण पातळीकरण दहापट झालं. होडीवर किंवा बंदरात असाल तर इथपर्यंत तिथेच उरका आणि नळ्या थंड ठेवून आणा. मोजणी त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी.

चेंबर अल्कोहोलने पुसून कोरडा करा, जाड काच दाबून बसवा. नीट बसली की कडेला इंद्रधनुषी वलयं दिसतात. स्लाइडवर वापरायची पातळ काच इथे चालत नाही, ती वाकते आणि खोली बदलते. थेंब कडेने सोडा, आपोआप आत ओढला जाईल. ओसंडून खाचेत गेला तर पुसून पुन्हा. पेशी तळाला बसायला दोन-तीन मिनिटं द्या.

चार कोपऱ्यांचे आणि मधला असे पाच मोठे चौकोन मोजा. रेषेवरच्या पेशींचा नियम ठरवून घ्या, वरच्या आणि डाव्या रेषेवरच्या धरायच्या, खालच्या आणि उजव्या सोडायच्या. समजा पाच चौकोनांत ४८, ५२, ४५, ५५ आणि ५० पेशी आल्या. एकूण २५०, सरासरी ५०. एका मोठ्या चौकोनाचं आकारमान मिलिलिटरचा दहा हजारावा भाग असतं. म्हणून

५० × १० × १०,००० = ५०,००,०००

म्हणजे मिलिलिटरला ५० लाख पेशी. हा फक्त हिशोबाचा नमुना आहे, पण तुमचे आकडेही साधारण दशलक्षांच्या घरातच यायला हवेत. काही हजारांत आले तर शेवंडीला दोष देण्याआधी द्रावण आणि गुठळ्या तपासा.

एकूण दोनशेहून कमी पेशी मोजल्या असतील तर आणखी चौकोन घ्या. थोड्या पेशी मोजल्या की निव्वळ योगायोगानेच आकडा बराच हलतो. २५० पेशींवर ही चूक सहा टक्क्यांच्या आसपास असते, ५० पेशींवर चौदा टक्क्यांवर जाते. चेंबरच्या दोन्ही बाजू मोजा. दोन बाजूंत वीस टक्क्यांहून जास्त फरक आला तर पुन्हा भरा. पेशी पाच-दहाच्या घोळक्याने चिकटलेल्या दिसत असतील तर तो नमुना बाद. ‘घोळक्यात अंदाजे सात असतील’ असं लिहायला सुरुवात केली की पुढे सगळंच अंदाजे होतं.

मोजणाऱ्याला नमुना कोणत्या गटाचा ते माहीत नसावं. नळ्यांवर फक्त क्रमांक. ‘ही तर कोरड्या टोपलीतली’ हे ठाऊक असलं की रेषेवरची पेशी धरायची की सोडायची हे मन परस्पर ठरवतं.

७. कोणत्या पेशी किती

एकूण संख्येपेक्षा कधीकधी प्रकारांचं प्रमाण अधिक बोलकं असतं. शेवंडीत ढोबळमानाने तीन प्रकार धरतात. हायलाइन पेशी: केंद्रकाने बहुतेक जागा व्यापलेली, कण नसलेली किंवा नावापुरते असलेली. ग्रॅन्युलर: मोठ्या, चमकदार कणांनी गच्च भरलेली. आणि मधल्या अर्ध-ग्रॅन्युलर. जंतू गिळणं, त्यांना वेढा घालणं, काळं मेलॅनिन तयार करणाऱ्या विकरांची साखळी सुरू करणं, ही कामं या पेशींत वाटलेली असतात.

फेज कॉन्ट्रास्ट असेल तर चेंबरमध्येच कण लख्ख दिसतात. नसेल तर स्लाइडवर पातळ थर देऊन, मिथेनॉलने पक्का करून, मे-ग्रुनवाल्ड-गिम्सा रंग द्या आणि दोनशे पेशी मोजून टक्केवारी काढा. मधल्या प्रकारावरून दोन माणसांचं एकमत क्वचितच होतं. सुरुवातीला ‘कण असलेल्या’ आणि ‘कण नसलेल्या’ असे दोनच भाग करा, आणि सगळ्या स्लाइड एकाच माणसाने वाचा.

८. आकड्याचा अर्थ

आता खरी परीक्षा. ताण आला की पेशी वाढतात की कमी होतात? दोन्ही घडतं, आणि दोन्हीमागे वेगवेगळी कारणं असतात. नवखा माणूस नेमका इथे अडकतो आणि मग जो आकडा येईल त्याला साजेसं स्पष्टीकरण शोधतो.

हवेत काढलेल्या शेवंडीचे कल्ले एकमेकांना चिकटतात. प्राणवायू पुरत नाही, कार्बन डायऑक्साइड आणि लॅक्टेट साठून रक्ताचा पीएच उतरतो, कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया अडकतो. त्याच वेळी अंगातलं पाणीही उडत असतं. रक्तातलं पाणी कमी झालं की एकही नवी पेशी न येता मिलिलिटरमागे पेशी जास्त दिसतात. हे ओळखायचं साधन म्हणजे रिफ्रॅक्टोमीटर. गोठणरोधक न घातलेल्या रक्ताचा एक थेंब, गोठायच्या आत, त्याच्या काचेवर ठेवून ब्रिक्सचा आकडा, म्हणजे त्या साधनावरच्या मोजपट्टीचा आकडा, वाचा. तो बहुतांशी रक्तातल्या प्रथिनांवर ठरतो.

पेशीही वाढल्या आणि ब्रिक्सही त्याच प्रमाणात वाढला, तर बहुतेक पाणी कमी झालंय. पेशी वाढल्या पण ब्रिक्स जागेवर, तर ऊतींत अडकलेल्या पेशी खरोखर रक्तात उतरल्या असाव्यात. पेशी घटल्या आणि ब्रिक्स जागेवर, तर पेशी रक्त सोडून जखमांकडे, कल्ल्यांत किंवा गुठळ्यांत गेल्या असणार. जाळ्याने ओरबाडलेल्या, पाय तुटलेल्या मालात आधी हाच संशय घ्या. दोन्ही घटले, तर रक्त पातळ झालंय. पावसाळी पाण्याने टाकीची क्षारता उतरली असेल, कात जवळ असेल किंवा जनावर बरेच दिवस उपाशी असेल. रिफ्रॅक्टोमीटरशिवाय या चार गोष्टी एकमेकींत मिसळतात. माझं स्पष्ट मत, खर्चाला दोन्हींपैकी एकच परवडत असेल तर आधी रिफ्रॅक्टोमीटर घ्या, पेशींची मोजणी नंतर.

पेशी झपाट्याने कोसळल्या, रक्त गोठेनासं झालं आणि शेपूट ढिली पडली, तर हाताळणीचा ताण म्हणून सोडून देऊ नका. उत्तर अटलांटिकच्या अमेरिकन लॉबस्टरमध्ये एरोकॉकस व्हिरिडॅन्स या जिवाणूने होणाऱ्या गॅफकेमियात असंच होतं. टाक्यांत दाटीने ठेवलेल्या मालात, जखमांतून शिरून तो पसरतो. आपल्या शेवंडीत जिवाणू वेगळा असेल, पण अशा वेळी नमुना रोगनिदानाच्या प्रयोगशाळेकडे गेला पाहिजे.

रक्ताच्या आकड्याशेजारी चपळाईचा साधा गुण लिहा. उचलल्यावर शेपूट जोरात आत ओढून फटके मारते: ३. पाय-मिशा हलतात, शेपूट अर्धवट ओढते: २. शेपूट लोंबते, पाय मंद: १. काहीच नाही: ०. टाकीवरचा अनुभवी कामगार हे नुसत्या हाताच्या वजनावर सांगतो. त्याचा शेरा वेगळ्या रकान्यात घ्या आणि नंतर तुमच्या पेशींच्या आकड्याशी ताडून पाहा. बऱ्याचदा तो पुढे असतो.

माणसांच्या साखरेच्या तपासणीचं छोटं यंत्र शेवंडीच्या रक्तावर आकडा दाखवतं. ताणात डोळ्याच्या दांड्यातून सुटणाऱ्या संप्रेरकाने साखर चढते, म्हणून ही मोजणी उपयोगी आहे खरी. पण ते यंत्र माणसाच्या रक्तासाठी जुळवलेलं असतं. गटागटांतला कल पाहायला ठीक, अहवालात नेमका आकडा म्हणून छापायला नाही.

विश्लेषण करताना सरासरीबरोबर प्रत्येक शेवंडीचा बिंदू आलेखावर दाखवा. पेशींची संख्या एका बाजूला ओढलेली असते, दोन-तीन जनावरं सरासरी फिरवतात. लॉगरिदम घेऊन किंवा मध्यक वापरून तुलना करा.

९. काम झाल्यावर

टोचलेली शेवंड पाच-दहा मिनिटं ओल्या गोणपाटावर ठेवून पडद्यातून रक्त थांबल्याची खात्री करा आणि वेगळ्या टाकीत सोडा. ती एजंटच्या विक्रीच्या मालात परत घालू नका, हे संमतीपत्रात आधीच लिहून तिचे पैसे देऊन टाका. सुईतून थोडं द्रावण आत गेलेलं असू शकतं, आणि ती कोणाच्या तरी ताटात जाणार असते. पुढचे तीन-चार दिवस ती जगते का तेही लिहा. नमुना घेतानाचा आकडा आणि नंतर जगणं-मरणं यांची सांगड घालता आली तरच टाकीवाल्याला उपयोगी पडेल असं काही हाती लागतं.

सुया टोपी न लावता थेट सुयांच्या डब्यात. फॉर्मॅलिनचं उरलेलं द्रावण टाकीच्या निचऱ्यात ओतायचं नाही. ते पाणी फिरून गाळणीत येतं आणि गाळणीतले अमोनिया खाणारे जिवाणू मरतात. वेगळ्या बाटलीत, नाव-तारीख लिहून, संस्थेच्या रासायनिक कचऱ्यात द्या.